मोठा कोणता, आणि कशावरून?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि उद्याची शाळा’ असा विषय दिला होता, आणि वेळ वीस मिनिटं. एवढ्या मोठ्या विषयावर वीस मिनिटांत बोलायचं म्हणजे तोंडची वाफ दवडणं. म्हणून त्यांच्या परवानगीने मी विषय लहान करून घेतला आहे. दोन अपूर्णांक समोर ठेवले तर त्यांतला मोठा कोणता हे मूल कसं ठरवतं, एवढ्याच गोष्टीवर मी बोलणार आहे. मागच्या बाकावरून आत्ता कोणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. आवाज ओळखीचा आहे, नाव घेत नाही.

हा विषय का, ते सांगते. शाळेला काय भेट द्यायची याची चर्चा आपल्या ग्रुपवर गेले तीन महिने चालू आहे. जमलेल्या निधीतून टॅब घ्यावेत, त्यांत गणिताच्या सरावाचं ॲप टाकावं, मुलं आपली आपण प्रश्न सोडवतील, गुण तिथल्या तिथे कळतील, असा प्रस्ताव आहे. आणि ‘तू सॉफ्टवेअरमधली, तूच सांग’ असं मला तिघाचौघांनी म्हटलं. माझं मत मी आज सांगणार आहे. पण त्याआधी मुलं काय बोलतात ते तुम्ही ऐकावं असं मला वाटतं.

गेली दोन वर्षं मी शनिवारी सकाळी घराजवळच्या एका शाळेत जाते. मी वर्ग घेत नाही. वर्गशिक्षिका पाचवी-सहावीतली दोन-तीन मुलं माझ्याकडे पाठवतात, आम्ही व्हरांड्यात सतरंजी टाकून बसतो. मी कागदावर दोन अपूर्णांक लिहिते आणि विचारते, मोठा कोणता? उत्तर आलं की विचारते, कशावरून? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलाच्याच शब्दांत वहीत उतरवून घेते. अशा तीन वह्या भरल्या आहेत. आज जे सांगणार आहे ते बरंचसं त्या वह्यांमधलं आहे.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक असलेल्या उत्तरापासून करू. १/३ मोठा की १/५? ‘१/५. कारण पाच मोठे.’ आपल्याला हसू येतं. पण जरा मुलाच्या बाजूने बघा. पहिलीपासून चौथीपर्यंत त्याला एक गोष्ट पक्की शिकवली, की पाच हे तीनपेक्षा मोठे. ती खरी होती, तिच्याबद्दल शाबासकीही मिळाली होती. आता त्याच अंकांवर एक आडवी रेघ आली आणि सगळं उलटं झालं. एका रेघेने चार वर्षांची सवय जात नाही. याला आपण ‘मोठ्या अंकांचा नियम’ म्हणू. नियमच म्हणायचं, कारण मूल अंदाजाने ठोकून देत नसतं. पुन्हा विचारा, दुसरी जोडी द्या, ते तसंच वागतं.

मग आपण काय करतो? ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ असं एक वाक्य त्याच्या हाती देतो. मूल ते पाठ करतं आणि पुढच्या आठवड्यात १/३ मोठा असं बरोबर सांगतं. सगळे खूश. एका मुलीला मी त्यानंतर २/३ आणि ४/५ दिले. ती म्हणाली, ‘२/३ मोठा. छेद लहान आहे ना!’ अंशाकडे तिने पाहिलंही नाही. आपण दिलेलं वाक्य तिने प्रामाणिकपणे पाळलं होतं. ‘वर एक असेल तरच’ किंवा ‘वरचे अंक सारखे असतील तरच’ ही अट वाक्यात नव्हती, ती तिने कुठून आणायची? हा दुसरा, ‘लहान छेदाचा नियम’.

तिसरा नियम मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा वाटतो. त्यातली मुलं अंश आणि छेद यांच्यातला फरक बघतात. ३/५ मध्ये फरक दोनाचा, ३/८ मध्ये पाचाचा. फरक कमी तो अपूर्णांक मोठा, कारण तो ‘पूर्ण होत आलाय’. आणि फरक सारखा असेल तर दोन्ही सारखे. २/३ आणि ४/५ दिले की ही मुलं म्हणतात, ‘समान. दोन्हीकडे एकाचाच फरक.’

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. प्रोग्राम लिहिला की तो तपासायला आपण टेस्ट केस देतो. टेस्ट चांगली कधी, तर चुकीचा प्रोग्राम तिच्यात नापास होईल तेव्हा. बरोबर आणि चूक असे दोन्ही प्रोग्राम जिच्यात पास होतात, ती टेस्ट वीस वेळा चालवली तरी काही कळत नाही. आता आपल्या स्वाध्यायात अपूर्णांकांच्या लहानमोठेपणाचे प्रश्न कसे असतात ते आठवा. एक तर छेद सारखे, २/७ आणि ५/७. नाही तर अंश सारखे, ३/५ आणि ३/८. फरकाच्या नियमाचं मूल घ्या. छेद सारखे असताना अंश जितका मोठा तितका फरक कमी, म्हणजे उत्तर बरोबर. अंश सारखे असताना छेद जितका मोठा तितका फरक जास्त, म्हणजे पुन्हा उत्तर बरोबर. अशा जोड्यांत ते मूल कधी चुकूच शकत नाही. शंभर प्रश्न घाला, शंभर गुण पडतील. लहान छेदवालं मूलही छेद सारखे दिसले की वरचा अंक बघतं, त्यालाही शंभर. आणि ज्याला खरोखर समजलं आहे त्यालाही शंभर. तीन वेगवेगळी डोकी आणि गुणपत्रिका एकच.

याउलट फक्त दोन प्रश्न घ्या. पहिला ३/५ आणि ३/८. दुसरा २/३ आणि ४/५. मोठ्या अंकांचं मूल पहिल्यात ३/८ म्हणतं आणि दुसऱ्यात, गंमत बघा, चुकीच्याच कारणाने बरोबर ४/५ म्हणतं. लहान छेदाचं मूल पहिल्यात बरोबर, दुसऱ्यात २/३ म्हणतं. फरकाचं मूल पहिल्यात बरोबर, दुसऱ्यात ‘समान’. समजलेलं मूल दोन्हींत बरोबर. चारही उत्तरपत्रिका वेगळ्या. वीस प्रश्नांना जे जमलं नाही ते दोन प्रश्नांनी झालं, कारण जोड्या निवडताना समोरचं मूल काय विचार करत असेल हे आधी धरलं होतं.

इथपर्यंत ऐकून माझ्यासारख्या इंजिनिअर मंडळींना वाटेल, सुटला प्रश्न. दोन-चार हुशार जोड्या ॲपमध्ये घाला, यंत्र सांगेल कोणाचा नियम कोणता. मलाही ही कल्पना आवडते, आणि ती नवी नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर एक शोधनिबंध लिहिला. आम्ही प्रोग्राममधल्या दोषाला ‘बग’ म्हणतो, तोच शब्द त्यांनी मुलांच्या रीतीतल्या दोषाला वापरला. ५२ वजा ३८ बरोबर २६ लिहिणारं मूल घ्या. ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं, वर कोण खाली कोण बघत नाही. ७८ वजा ३५ दिलं तर त्याचं उत्तर बरोबर येतं, म्हणून हातच्याची वेळ येईपर्यंत पत्ता लागत नाही. त्यांच्या ‘बग्गी’ नावाच्या प्रोग्राममध्ये संगणक अशा एखाद्या मुलाचं सोंग घ्यायचा आणि शिक्षक होऊ घातलेल्या मंडळींनी उदाहरणं घालून त्याचा बग शोधायचा. शिक्षकांना सराव कशाचा? मुलाला दुरुस्त करण्याचा नव्हे, ओळखण्याचा. मला ते फार पटतं.

पण व्हरांड्यात बसल्यावर यंत्राच्या पुढची एक अडचण लक्षात आली. एका मुलीला मी ५/६ आणि ७/८ दिले. ती म्हणाली, ‘सारखे. दोन्हींत एकच उरला.’ थोड्या वेळाने दुसऱ्या एका मुलाने शब्दाला शब्द तेच उत्तर दिलं. कागदावर दोघं सारखीच चूक. मी दोघांनाही विचारलं, ‘एकच काय उरला?’ मुलगा म्हणाला, ‘सहातून पाच गेले एक, आठातून सात गेले एक.’ त्याच्या डोळ्यांसमोर नुसते आकडे होते. मुलगी म्हणाली, ‘एक तुकडा.’ तिच्या डोळ्यांसमोर भाकरी होती. मी विचारलं, ‘मग ते दोन तुकडे एकाच मापाचे का गं?’ ती गप्प बसली. बराच वेळ. मग बोटाने सतरंजीवर गोल काढला, त्याचे भाग पाडल्यासारखं केलं आणि म्हणाली, ‘आठातला बारीक. म्हणजे ७/८ मध्ये कमी उरलं. म्हणजे ७/८ मोठा!’ मी काहीच शिकवलं नव्हतं.

ही मुलगी बरोबर उत्तरापासून एका पावलावर होती. आणि तिची रीत आपल्या समच्छेदापेक्षा या जोडीपुरती सरसच आहे. उरलेला भाग कोणाचा लहान ते बघायचं, गुणाकाराची गरजच नाही. ९९/१०० आणि १००/१०१ यांतला मोठा कोणता हे तिला आता तोंडी सांगता येईल. तिच्या उत्तरावर फुली मारून ‘लसावि काढ’ म्हटलं असतं तर तिने लसावि काढलाही असता, पण तुकड्याचा विचार चुकीचा होता असं समजून टाकून दिला असता. त्या मुलाला मात्र तुकड्यांचं बोलून काही उपयोग नव्हता, कारण त्याच्याकडे तुकडाच नव्हता. त्याला मी १/२ आणि ३/५ दिले. फरकाच्या हिशोबाने १/२ मोठा, कारण एकाचा फरक दोनापेक्षा कमी. तसंच तो म्हणाला. मग कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या. एकीची घडी घालून निम्मी केली, दुसरीवर पट्टीने मोजून पाच सारखे भाग पाडले आणि तीन रंगवले. तो दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, ‘ताई, फरक खोटं बोलला.’ ते वाक्य मी वहीत चौकटीत लिहून ठेवलं आहे.

सांगायचं हे, की उत्तर एक, शब्दही एक, आणि दोघांना लागणारी मदत मात्र अगदी वेगळी. ‘एकच काय?’ हे विचारल्याशिवाय ते कळत नाही.

आता आपल्या भाषेबद्दल थोडं, कारण मुलांच्या उत्तरांत ती सारखी डोकावते. १/२ आणि १/४ यांत १/४ मोठा म्हणणाऱ्या मुलाला विचारा, ‘दुकानात अर्धा किलो साखर जास्त की पाव किलो?’ तो तुमच्याकडे असा बघेल की ताईंना एवढंही कळत नाही! पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलांना व्यवहारात पक्के माहीत असतात. आपल्या आजोबांच्या पिढीने तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ केली होती, औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढासुद्धा. आणि ‘पाऊण’ हा शब्द बघा. तो ‘पादोन’ वरून आला, पाद म्हणजे चौथा भाग, ऊन म्हणजे कमी. तीन भाग आहेत असं न म्हणता एक भाग कमी आहे असं म्हणून आपण त्या अपूर्णांकाला नाव दिलं. पावणेदोन, पावणेतीन तसेच. ७/८ मध्ये ‘एक तुकडा उरला’ म्हणणारी ती मुलगी आपल्या भाषेच्याच रीतीने विचार करत होती. मात्र ही पुंजी पावापाशी संपते. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या हिश्श्याला बाजारात असे शब्द नाहीत, तिथे ‘तृतीयांश’, ‘पंचमांश’ असं पुस्तकी बोलावं लागतं आणि मुलाचा व्यवहार तिथे सुटतो.

सुतारकाम करणाऱ्या एका वडिलांचा मुलगा माझ्याकडे यायचा. ३/४ आणि ५/८ यांत त्याने ५/८ मोठा सांगितला, मोठ्या अंकांच्या नियमाने. माझ्याजवळ इंचाची टेप होती, ती त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, हे इंचातले समज. तो लगेच म्हणाला, ‘म्हणजे सूत ना? पाऊण इंच म्हणजे सहा सूत, आणि हे पाच सूत.’ इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत, हे आपल्याकडच्या सुतार-फिटरांचं माप. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये आम्हालाही ते तिथल्या फिटरकाकांनीच शिकवलं, पुस्तकाने नाही. सूत म्हणजे दुसरं काय, एकदाच करून ठेवलेला समच्छेद. सगळं आठव्या हिश्श्यात बोलायचं म्हणजे तुलना नुसत्या अंकांची होते. त्या मुलाला ‘समच्छेद का करायचा’ हे सांगायला मला एकही वाक्य खर्च करावं लागलं नाही. समच्छेद हा शब्द भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमाराचा, आणि सुताराच्या टेपवर तो रोज वापरला जातो.

तिरकस गुणाकाराबद्दल बोलले नाही तर इथले काही जण उठून विचारतील. ३/७ आणि ५/८. तीन आठे चोवीस, पाच साते पस्तीस, पस्तीस मोठे म्हणून ५/८ मोठा. रीत शंभर टक्के बरोबर आहे, आपल्यातल्या अनेकांना तिने स्कॉलरशिपच्या परीक्षेत तारलं आहे, आणि तिच्यात लपलेलं कारणही सोपं आहे: दोन्हींचा छेद छप्पन्न केला, फक्त तो लिहिला नाही. मी तिच्या विरोधात नाही. पण ही रीत येणाऱ्या मुलांना मी विचारते, ‘यांतला अर्ध्यापेक्षा कमी कोणता?’ आणि बरीच मुलं पुन्हा गुणाकार करायला लागतात. साताचे निम्मे साडेतीन, तीन त्याहून कमी. आठाचे निम्मे चार, पाच त्याहून जास्त. एवढं दिसलं की गुणाकार लागतच नाही. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या देशव्यापी चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांच्या बेरजेचा अंदाज विचारला होता. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही संख्या जवळजवळ एक, म्हणजे बेरीज दोनच्या आसपास. २ हा पर्याय निवडणारी मुलं होती २४ टक्के. बाकी बहुतेकांनी वरचे अंक मिळवले नाही तर खालचे. अपूर्णांक ही एक संख्या आहे, तिला आकार आहे, हे डोळ्यांसमोर नसलं की असं होतं.

अर्ध्याशी तुलना करणं मुलांना आवडतं. मी एकदा ७/१२ लिहिलं तर एक मुलगा ओरडला, ‘हा तर सातबारा!’ घरी शेती, त्यामुळे शब्द कानावरचा. म्हटलं, बरं, हा सातबारा अर्ध्याच्या वर की खाली? ‘बाराचे निम्मे सहा. वर!’ मग मी ३/७ शेजारी ठेवला, तो अर्ध्याच्या खाली, निकाल लागला. गावाकडे पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत लागली की बाहेर, यावर सवलती ठरतात, म्हणजे अर्ध्याच्या या बाजूला की त्या बाजूला हा प्रश्न त्याच्या घरात नुसता गणिताचा नाही. हे त्याला मी सांगितलं नाही. त्यानेच मला सांगितलं.

आणखी एक उत्तर. एका मुलाला विचारलं, १/२ भाकरी जास्त की ३/४? तो म्हणाला, ‘कोणाची भाकरी?’ मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याचा मुद्दा होता, आईची भाकरी मोठी असते, मेसमधली लहान. मोठीची अर्धी लहानीच्या पाऊण भाकरीपेक्षा जास्त होऊ शकते. बरोबर आहे! पूर्ण सारखं आहे हे धरल्याशिवाय अपूर्णांकांची तुलना होतच नाही, आणि हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. परीक्षेत हे लिहिलं असतं तर शून्य मिळालं असतं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या मंडळींनी समान वाटणी आणि मोजमाप या दोन वाटांनी अपूर्णांक शिकवण्यावर काम केलं आहे. वाटणीची वाट या मुलांना चटकन जमते. तीन भाकऱ्या चौघांत, की पाच भाकऱ्या आठ जणांत, कोणत्या पंगतीत बसशील? एक मुलगी म्हणाली, ‘चौघांच्या दोन पंगती केल्या तर सहा भाकऱ्या आठ जणांना. तिथेच बसेन.’ आपण ज्याला समच्छेद म्हणतो तो तिने जेवायला बसवला.

आता टॅबकडे येते. त्याआधी एका मुलाची गोष्ट. स्टॅन्ली अर्लवँगर नावाच्या अभ्यासकाने १९७३ साली एक लेख प्रसिद्ध केला, त्यात त्याने मुलाचं नाव बेनी असं दिलं आहे. बारा वर्षांचा, सहावीतला. त्याच्या शाळेत गणित ज्या पद्धतीने चालायचं ती आपल्या प्रस्तावाची कागदी आवृत्तीच होती. प्रत्येक मुलाने आपल्या गतीने छापील स्वाध्याय सोडवायचे, उत्तरसूचीवरून तपासायचे, चाचणीत ठरलेले गुण मिळाले की पुढचा टप्पा. शिक्षकांशी बोलण्याची वेळ फारशी यायची नाही. बेनी चांगला पुढे गेला होता, हुशार मुलांत गणला जात होता. अर्लवँगर त्याच्याशी बोलायला बसला तेव्हा काय निघालं? अपूर्णांकाचं दशांश रूप करायला बेनी अंश आणि छेद यांची बेरीज करून मध्ये टिंब द्यायचा. २/१० म्हणजे १.२. ५/१० म्हणजे १.५. ४/११ म्हणजे १.५, आणि ११/४ सुद्धा १.५! एक संख्या एकापेक्षा लहान, दुसरी अडीचपेक्षा मोठी, पण त्याला त्यात काही खटकत नव्हतं. गणित म्हणजे वेगवेगळ्या जागी वेगवेगळे नियम, ते कोणीतरी ठरवलेले, आणि आपलं काम सूचीशी जुळेल ते उत्तर शोधणं, अशी त्याची समजूत झाली होती. तो आळशी नव्हता. त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं, एवढंच.

टॅब घेऊ नयेत असं माझं मत आहे, ते या कारणाने. यंत्र वाईट म्हणून नाही. माझं पोट त्यावर चालतं. पण आपण जे ॲप बघितलं ते उत्तर तपासतं, आणि सारखे छेद, सारखे अंश अशाच जोड्यांनी भरलेलं आहे. मी बसून तीनशे प्रश्न पाहिले. फरकाच्या नियमाचं मूल त्यात चमकेल, त्याला तारे मिळतील आणि सातवी-आठवीत बीजगणितातले अपूर्णांक आले की ते कोसळेल. तेव्हा सगळे म्हणतील, आधी तर हुशार होता.

वर्गात साठ मुलं, एकेकाशी कोण बोलणार, हा आक्षेप मला माहीत आहे. इथे बसलेल्या शिक्षकांपुढे मी वर्ग कसा घ्यावा हे सांगण्याचा आगाऊपणा करणार नाही. गणिताच्या बाई समोर आहेत. आठवतं का, फळ्यावर उत्तर बरोबर आलं तरी त्या ‘कसं आणलंस?’ विचारायच्या आणि आपल्यातले निम्मे हिरमुसायचे, की बाईंना कॉपीचा संशय आला. त्या साठ जणांच्याच वर्गात ते करायच्या. रोज एक जोडी, पाच मिनिटं, तीन-चार मुलांची कारणं, कोणाला लगेच बरोबर-चूक म्हणायचं नाही. एवढं साठांतही होतं.

आपण बाहेरचे लोक काय करू शकतो, तर कान देऊ शकतो. आपल्या बॅचमधले निदान पंधरा-सोळा जण अजून गावातच किंवा तासाभराच्या अंतरावर राहतात. शनिवारी दोघं-दोघं आलो तर प्रत्येकाची पाळी दोन महिन्यांतून एकदा. एका मुलाबरोबर पंधरा मिनिटं, सहा जोड्या, आणि तो जे बोलेल ते त्याच्या शब्दांत लिहायचं. शिकवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, ही अट मी घालणार आहे, कारण आपल्यातल्या इंजिनिअर, डॉक्टर आणि सीए मंडळींना दुसऱ्या मिनिटाला समजावून सांगण्याची उबळ येते. लिहिलेलं वर्गशिक्षकांना द्यायचं, पुढचं ते ठरवतील. जोड्या निवडायला आणि उत्तरांवरून संभाव्य नियम सुचवायला मी एक लहानसा प्रोग्राम लिहून देईन, तो शाळेत आहेत त्याच संगणकांवर चालेल. निधीतून इंचाच्या टेपा, कागदाच्या पट्ट्या, वह्या आणि लांबून येणाऱ्यांचं एसटीचं भाडं निघेल. उरलेली रक्कम ग्रंथालयाला द्यावी असं मला वाटतं, पण त्यावर मतदान करा.

मुख्याध्यापकांशी सकाळी बोलणं झालं आहे, त्यांची हरकत नाही. सहाही जोड्या पाचवी ‘अ’च्या फळ्यावर लिहून ठेवल्या आहेत: ३/५ आणि ३/८, २/३ आणि ४/५, १/२ आणि ३/५, ५/६ आणि ७/८, ३/७ आणि ७/१२, २/४ आणि ३/६. जेवणानंतर तिकडे या. एकमेकांना विचारून बघा, आणि कृपा करून तिरकस गुणाकार करू नका. खडू तिथेच आहेत, पहिल्या चार शनिवारी कोण येणार त्यांनी फळ्याच्या उजव्या बाजूला नावं लिहा.